पंचेचाळीस टक्के

बोराळकरांनी लेन्स टॉर्चसमोर धरली
आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.
तापकीर गल्ली, दुसरा मजला, जिन्यात सोल्डरिंगचा वास,
खाली कुणीतरी माइक तपासत होतं, हॅलो, हॅलो.
मग म्हणाले, बघा.

काचेच्या आत, दोन भिंगांच्या मध्ये
पांढऱ्या धाग्यांचं एक झाड.
पानं नसलेलं. कुणी न लावलेलं.
धूळ नाही ही, मुळं आहेत.
पुसून देतो.
पण जिथं खाल्लंय, तिथं खूण राहणार.

कशामुळे, मी विचारलं.
त्यांनी माझ्या बॅगेतल्या फोमवर तळहात ठेवला,
पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
कुठं राहता?
आनंदनगर, सिंहगड रोड. तळमजला.
मग मला काय विचारता!

खरंच. ऑगस्टात आमच्याकडे
मीठ बरणीला धरून बसतं,
एका निरांजनाला चार काड्या लागतात,
खडकवासल्यातून पाणी सोडलं की सोसायटीच्या ग्रुपवर
क्युसेकचे आकडे येतात
आणि आम्ही चपला वरच्या फळीवर ठेवतो.
कॅमेरा मी तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिला होता.
चार दिवस भातात पट्ट्याचे धागे निघाले.
मग निळे खडे आणले. आठवड्यात गुलाबी.
तव्यावर भाजून परत निळे करत होते
तर आबा बाहेरून ओरडले, साबुदाणा करपतोय!

शेवटी कपाट घेतलं. नऊ हप्ते.
काळं, फ्रिजच्या धाकट्या भावासारखं,
दाराला रबर, कपाळावर हिरवा आकडा.
पहिल्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तर.
झोपताना एकसष्ट.
तिसऱ्या दिवशी पंचेचाळीस, आणि मग तिथंच.
त्याहून फार खाली नको, बोराळकरांनी बजावलं होतं,
अति कोरडंही सोसत नाही,
वंगण सुकतं, रबर तडकतं.

आबा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.
जन्म जत तालुक्यातला.
तिथं दोरीवर टाकलेलं धोतर
अंगण झाडून होईतो वाळतं.
म्हणाले, म्हणजे ह्यात आपल्याकडची हवा आहे.
मी म्हटलं, हो, विजेवर.
काय?
विजेवर!
काय?
कानातलं यंत्र नुसतं शिटी मारत होतं,
दमट दिवसांत त्याचंही असंच होतं.

काही न बोलता मी मधला ट्रे बाहेर ओढला,
पस्तीस आणि पन्नासच्या मध्ये
बोटभर जागा केली.

तेव्हापासून रोज रात्री दहाला
ते यंत्र काढतात, बनियनला पुसतात,
गहाण ठेवायचा दागिना द्यावा तसं माझ्या हातावर ठेवतात.
मी दार लावते. हलकासा चप्प आवाज.
पाहणारे आणि ऐकणारं, एकाच फळीवर.

मग रात्रभर आबांना पाऊस नसतो.
मला असतो.
पत्रा, पन्हळ, पार्किंगमध्ये कुणाची तरी बादली.
दोनला वीज जाते, हिरवा आकडा विझतो,
मी उठून त्या काळ्या काचेसमोर उभी राहते.
उघडायचं नाही. बंद राहिलं तर टिकते
आतली हवा, काही तास.
एवढंच करता येतं. न उघडणं.

पुसलेली ती पंच्याऐंशी मात्र कपाटात घेतली नाही,
लागण नको. ती वेगळ्या डब्यात, खड्यांसोबत.
उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की
कडेला अजून काहीतरी पसरतं, पातळ.
हडपसरच्या एका लग्नात नवरीची आई म्हणाली,
समयांवरचा हा धूर काय सुंदर आलाय!
मी म्हटलं, हो.

सकाळी आबा यंत्र कानात बसवतात,
मान तिरकी करून थांबतात,
विहिरीत दगड टाकून थांबावं तसे.
आज विचारलं, कसं येतंय?
म्हणाले, कोरडं ऐकू येतंय.

आणि चहा अर्धा झाल्यावर,
कपाटाकडे बघत,
का गं, ह्यात पापड बसतील?