खांड

ऐरोलीत, दिवा गावाच्या कडेला,
जिथे माझं टेबल आहे तिथे पूर्वी भात व्हायचा.
भरावाखाली खाजण, खाजणाखाली खाडी.
उधाणाला लिफ्टच्या खड्ड्यात
अजून खारं पाणी येतं.

मी रिकाम्या जागेवर काम करते,
पगारच त्याचा मिळतो.
क्षेत्र वाढवत न्यायचं,
मीटरला एकावर अठरा शून्यं एवढे व्होल्ट,
आणि कागदावर बघायचं पोकळी कुठे उसवते,
काहीच नव्हतं तिथून इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलटा भाऊ
हात सोडवून कसे निघतात.

बाबा बत्तीस वर्षं कळव्याच्या सबस्टेशनात.
"चार लाख व्होल्टाच्या तारा बोलतान गो," म्हणायचे.
एका संध्याकाळी टॉवरखाली नेलं मला,
हातात जुनी ट्यूब, कशालाच न जोडलेली.
पेटली. फिकट,
आजाऱ्याने पाहुण्यांसाठी हसावं तशी.
मी सात वर्षांची.
प्रबंध तिथेच झाला माझा,
पुढची वीस वर्षं तळटीपा.

सध्या दुसरं हिग्ज क्षेत्र मांडते आहे.
एक कण सापडला, म्हणून एकच असेल असं कोण म्हणतं?
पण दुसरं आलं की दऱ्या वाढतात,
आणि विचारावं लागतं
आपण राहतो ती सगळ्यांत खोल आहे का.
टॅन बीटा तीन धरला, तर नाही.

काल बाबा पाठीमागे येऊन उभे राहिले,
पडद्यावरच्या दोन खळग्यांकडे बघत,
चहा निवेपर्यंत.
"यो आपला?" उथळ खळग्यावर बोट.
हो.
"आन दर्या त्या अंगाला?"
हो, तसंच काहीसं.
"मंग खांड कंदी परंल?"

मी म्हटलं, विश्वाच्या वयाहून
कितीतरी जास्त काळ लागेल. बहुतेक.
त्यांनी "बहुतेक" तेवढं ऐकलं.
मग आजोबांचा बांध सांगितला,
पुरुषभर उंच, दगड लावलेला.
खेकड्याचं एक बीळ होतं त्याला,
अंगठा जाईल एवढं.
अमावास्येच्या एका रात्रीत
चौदा गुंठे भात खारं.

ते निजल्यावर फाइल उघडली.
बांधाची उंची मी तीनदा काढली होती.
बीळ मोजायचं राहिलं होतं:
केवढा बुडबुडा आपला आपण मिटतो,
केवढा झाला की मिटत नाही.

खाडीवरून तारा बोलत होत्या.
आतल्या खोलीत बाबांनी झोपेतच
पाय जवळ ओढून घेतले,
ओल लागल्यासारखे.