बिल्ला

उद्यमनगरात रात्री अकराला
भट्टीचा तांबडा उजेड समोरच्या पत्र्यावर हलतो.
माळ्यावरच्या खोलीत मी बघत बसते
एकाच ड्रॉइंगवर चार ठिपके:
शिरोलीहून नसीम शिकलगार, पंपाची कड गोल करणारी,
गोकुळ शिरगावचा कुणी मापं तपासणारा,
रंगराव लोहारांच्या नावाचा हिरवा,
आणि माझा, नुसताच उभा.

त्या मंगळवारी संदेश आला:
मी रंगराव. भिंत बारा नको, आठ करा.
सर्व्हरनं मान डोलावली.
पापणी लवायच्या आत
चारी पडद्यांवर बाराचे आठ.

रंगराव तेव्हा गंगावेशीत
म्हशीच्या दुधाचा पेला तोंडाला लावून उभे होते.

ओतलेल्यातल्या एकोणचाळीस बॉड्या तडकल्या.
"भट्टीचं काय चुकलं न्हाई, पोरी,"
ते बोटानं तडा चाचपत म्हणाले,
"तुझ्या मशिनीनं इचारलं न्हाई व्हय, कोण रं तू?"

नव्हतं विचारलं.
पाकिटावर नाव पाठवणाऱ्यानंच लिहायचं
आणि आम्ही ते खरं धरायचं,
हा नियम माझाच. डेमोच्या आदल्या रात्रीचा, घाईतला.
हिरव्या ठिपक्यामागे निघाला शिकाऊ उत्कर्ष.
त्याला लोखंड वाचवायचं होतं.
"माझ्या नावानं कोण ऐकलं असतं, मॅडम?"

फाटकावर शामू घस्ते.
वीस वर्षं रंगरावांसोबत तंबाखू मळतात,
तरी रोज सकाळी हात पुढे: बिल्ला.
पितळी. आकडा झिजून गुळगुळीत.

मग मी रात्रभर फाटक बांधलं.
नाव संदेशाला विचारायचंच नाही,
तो ज्या दारानं आत आला त्या दाराला विचारायचं.
बघायला आलास की बदलायला?
आठ हा आकडाच ना,
की आकड्याच्या पोटात आणखी काही?
सेकंदाला शंभरदा कडी वाजवणाऱ्याला, थांब भावा.
आणि जे आपल्यालाच उमगलं नाही
ते पुढं कुणाच्या पडद्यावर ढकलायचं नाही.

पावणेसातला चालू केलं.
पहिलाच संदेश अडला.
माझा.
रात्रीत कधीतरी माझीच मुदत संपलेली,
मला पत्ताच नाही.
लाल अक्षरात एवढंच: कोण?

खाली तिसरी पाळी सुटत होती.
घस्तेंच्या डब्यात एकेक बिल्ला पडत होता, टिण्, टिण्.
मी पासवर्ड टाकला, चुकला, परत टाकला,
आणि आठाचे बारा केले.