पुडिंग कोण उचलणार

नायरीनं टेबलावर नकाशा पसरलाय,
तीन कोपऱ्यांवर मग, चौथ्यावर मांजर.
खिडकीबाहेर तिमारूचा डिसेंबर:
कापलेलं गवत, सोललेल्या पाठी.

एडिनबराच्या मावशीचं कार्ड आलंय,
बर्फातली घसरगाडी.
त्याच्याच पाठीवर यादी:
सनस्क्रीन, माश्यांचं मलम,
लोकरी मोजे (खोडले. पुन्हा लिहिले.)
खिंडीत उन्हाळ्याचा काय भरवसा.

अ‍ॅलस्टर आजोबा अंगठ्यानं चढ मोजतात.
"इथे थांबू, देखावा चांगलाय."
तिथे देखावा नाही, नुसती दरड.
गुडघ्याचं नाव कुणी काढत नाही.

राहता राहिलं पुडिंग.
अडीच किलो, फडक्यात बांधलेलं.
"मी घेतो," धाकटा तामाती म्हणतो,
स्वतः जेमतेम सॅकएवढा.

खोपीत पोचू तेव्हा
रात्रीचे दहा,
आणि ऊन अजून
दाराशी बूट काढत असेल.