मंडळाचा इतिहास, पानं दोन

स्मरणिकेसाठी दोन पानं हवीत, म्हणाले,
इतिहास, फोटोसकट.
फोटो एकच आहे.
सात मुलं, आणि मधोमध
गणपतीसारखा बसवलेला रॉकेलचा स्टोव्ह.

स्थापना चौऱ्याऐंशी, वसतिगृह, खोली एकोणीस.
हेतू वगैरे काही नव्हता.
येळ्ळूरचा भावकाण्णा फॉर्म हातात धरून
खिडकीसमोर सकाळपासून उभा,
फॉर्म कानडीत, खिडकीतला माणूस जेवायला गेलेला,
आणि मागून कुणीतरी विचारलं,
"काय करूलास गा हितं?"
ते "करूलास" ऐकलं नि गुडघ्यातलं बळच गेलं, असं तो सांगायचा.
विचारणारा नंदगडचा सिद्राय.
त्यानं फॉर्म भरून दिला,
बापाच्या नावाच्या रकान्यात गावाचं नाव लिहिलं,
आणि तीन वर्षं भावकाण्णा
कागदोपत्री येळ्ळूरचाच मुलगा राहिला.

सीमा बंधुमंडळ. वर्गणी दोन रुपये.
नियम पहिला: नव्याचा फॉर्म जुन्यानं भरायचा.
नियम दुसरा: पहिला चहा नव्याला.
तिसरा वेगळ्या शाईत, मागाहून घातलेला:
वर्षात एक तरी सभा व्हावी,
नपेक्षा कपाट विद्यापीठात जमा.

शहाऐंशीची पानं कोरी आहेत.
त्या उन्हाळ्यात काय झालं
ते प्रत्येकाला ठाऊक होतं,
म्हणून कुणीच लिहिलं नाही.

मग फोटोतले सात पांगले.
दोघं भरतीत निघाले,
सिद्राय उद्यमबागेत फाउंड्रीत, एक पुण्यात,
एकाचं निपाणीत तंबाखूचं गोदाम,
एकाचा पत्ता वहीत आहे, माणूस तिथे नाही.
भावकाण्णा रिक्षा चालवतो, गोवावेसला भेटेल.

ब्याण्णवला सभासद चार, त्र्याण्णवला शून्य.
शून्य, पण वही चालू.
इथे अक्षर बदलतं, लिपीही.
मूडलगीचा अडिवेप्पा, खोली एकोणीसचा नवा रहिवासी,
मराठीत त्याला "चहा" आणि "झोपलास काय" एवढंच येई.
शेवटचा सभासद जाताना त्याला
कपाटाची किल्ली देऊन गेला,
आणि नियम तिसरा समजावून.

त्याचं कानडी मी वाचू शकते. मी वाचलं.
"दहा ऑगस्ट. सभा. उपस्थित: एक.
मागच्या सभेचा वृत्तान्त वाचला, अर्धा कळला.
ठराव: पुढच्या वर्षी पुन्हा भेटावे.
सूचक: अडिवेप्पा. अनुमोदक कोणी नाही,
स्टोव्ह पेटता होता, तेवढे नोंदवतो.
खर्च: स्टोव्हचा वायसर, पावणेतीन रुपये,
स्वतःच्या खिशातून."
चौऱ्याण्णवला अगदी असंच,
वायसर सोडून.

पंच्याण्णवच्या जूनमध्ये हलगेतून दोन मुलं आली.
फॉर्म त्यानंच भरून दिले.

सत्त्याण्णवला पहिली मुलगी, म्हणजे मी.
"बंधू या शब्दात भगिनीही समजाव्यात",
ठराव मंजूर, विरोधात एक मत.
ते माझं होतं. मला नाव बदलून हवं होतं.
अजून हवंय.

काल समितीत कुणी म्हणालं,
त्र्याण्णव-चौऱ्याण्णव गाळू या, मंडळ बंदच होतं की.
दुसरा म्हणाला, आणि कानडीत छापायचं कसं?
मी पानं जशीच्या तशी छापखान्यात दिली.
छापखानेवाला शहापूरचा, कानडीच,
म्हणाला, यात चूक आहे एक, दुरुस्त करू?
म्हटलं, नको.

हिशोबनीस नवा आहे, हुशार आहे,
ताळेबंदात दरवर्षी पुढे ओढलेली ती रक्कम
त्याला खुपते.
आकडा किरकोळ आहे मॅडम, काढून टाकू.
माणूस सापडला का, मी विचारलं.
नाही. मूडलगीत त्या नावाचे अकरा जण आहेत.

मग लेखणी घेऊन यंदाच्या पानावर
मीच उतरवलं:
अडिवेप्पा, खोली एकोणीस,
देणे, रुपये पावणेतीन.