पोटावर मारू नये

ओपुवोमध्ये सकाळीच लोखंड तापतं.
मी गाडीखाली, पुठ्ठ्यावर उताणी,
आणि बाहेर वडिलांचे बूट:
उजव्याला नाडी, डाव्याला तार.
मागच्या वर्षापर्यंत पुठ्ठ्यावर ते असायचे
आणि बाहेर माझ्या चपला.
आता कंबर त्यांना वाकू देत नाही,
म्हणून फक्त हात खाली येतो, आणि आवाज:
"हा घे सतरा नंबर.
नाही, तो चौदा. थांब."

जुना पत्रा कंपनीचा.
पत्रा कसला, बिस्किटाच्या डब्याचं झाकण.
तीन बोल्ट शिव्या खाऊन निघाले,
चौथ्याने मान मोडून दिली, जागा सोडली नाही.
त्याला ड्रिलने पोखरला,
तेव्हा पत्रा खाली आला
आणि त्याच्यासोबत होआरुसिबचं अख्खं पात्र
माझ्या तोंडावर:
वाळू, मोपानीची पानं, वाळलेला चिखल,
आणि एक हिरवट तुकडा, नखाएवढा.
हुंगून पाहिला.
साबण.

फेब्रुवारीत तो दगड सावलीत बसला होता.
आवाज फार मोठा नव्हता,
शेजारच्या घरात कुणी पातेलं टाकावं तेवढाच.
"इंजिन बंद कर," वडील म्हणाले,
चर्चमध्ये बोलतात तसं, हळू.
मागे वाळूवर काळी रेघ,
आमच्या दोन चाकांच्या बरोबर मधून.
टपात वाऱ्याच्या पंपाचे सुटे भाग,
पुरोसला चाळीस शेळ्या कोरड्या टाकीभोवती.
वडिलांनी अंघोळीचा साबण मळला, पिठासारखा,
आणि भेगेत बोटाने भरत राहिले.
दोन रात्री आम्ही तिथेच.
दुसऱ्या रात्री एक हत्तीण आली,
सांडलेलं तेल हुंगलं,
आणि आमच्याकडे न बघता गेली.

"पाठीवर काय हवं ते लादा," वडील तेव्हापासून म्हणतात,
"पोटावर मारू नका."
पण दगडाला कोण सांगणार?

म्हणून हा नवा पत्रा.
विंडहुकहून बसच्या टपावर, पाच आठवडे उशिरा.
चार मिलिमीटर पोलाद, एकतीस किलो.
काट्जिमुने कुंपणावरून म्हणाला,
अल्युमिनियम घ्यायचं होतं, हलकं असतं.
वडिलांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"अल्युमिनियम दगडाला धरून बसतं.
पोलाद घसरतं.
आपल्याला दगडाशी भांडायचंय की घरी जायचंय?"

एक बाजू जॅकवर, दुसरी माझ्या गुडघ्यांवर.
भोकं जुळेनात.
आराखड्यातली गाडी आणि आमची गाडी
यांत गव्हाच्या दाण्याएवढा फरक पडलाय,
बावीस वर्षांत कधीतरी, कुठल्यातरी उतारावर.
मग गोल कानस. तासभर.
केसांत लोखंडाचा भुगा, दातांत लोखंडाची चव.
शेवटचा बोल्ट आवळला, आणि बूट जरा सरकले.

"तेल कुठून काढणार?"

मी गप्प.
पत्र्यात कुठेही भोक नव्हतं.
इतका मजबूत केला होता कुणीतरी तो, इतका सलग,
की आतलं काळं झालेलं कधी बाहेरच येऊ नये.

सगळं पुन्हा सोडलं.
तेलाच्या बुचाला बोटभर ग्रीस लावलं,
पत्रा वर दाबला, काढला:
मधोमध एक गोल ठसा, ओल्या ओठांसारखा.
तिथे करवत फिरवली.
ठिणग्या पाहून शेळ्या पळाल्या,
वडील नाही.

पत्रा परत चढला तेव्हा
जिपच्या टायरला धरून, मग बंपरला, मग जमिनीला,
ते हळूहळू खाली आले.
माझ्या शेजारी, पुठ्ठ्याबाहेर, धुळीत.
एकतीस किलो पोलादाला हातही लावला नाही.
बोट भोकातून आत घातलं,
बुचाला टेकवलं, वळवून पाहिलं.
"हं," म्हणाले.

उठता येईना.
मी काट्जिमुनेला हाक मारली.
तो म्हणाला, फेटकूक तळतोय, संपवून येतो.
तोवर आम्ही दोघं तिथेच पडून होतो,
गाडीचं नवं पोट बघत,
आणि त्या भोकातून
तेलाचा पहिला थेंब येतो का, ते.

नाही आला.