वळसा

जुन्या वीजबिलांच्या पाठीवर मी मुक्काम लिहितो.
छत्तीस वर्षं लाइनमन राहिलेल्या माणसाला
एवढा कागद पुरतो.

मार्कंड्याची जत्रा महाशिवरात्रीला.
आठ दिवस आधी निघायचं,
वैनगंगा उजव्या हाताला ठेवून.

आम्ही सात जण. दुर्योधनाला साखर,
त्याला दर कोसावर टेकायला पार हवा.
फुलवंता आणि रेखन, सख्ख्या जावा,
एका खोलीत झोपत नाहीत,
पण एकीला दुसरीचा खोकला ऐकू आला पाहिजे.
म्हणजे शाळा हवी, दोन वर्गांची, मधे दार असलेली.
मंसाराम कुठेही झोपतो. त्याची बायको कुठेच नाही.

नातू अंशुल मोबाइल पुढे धरतो :
'आबा, निळी रेघ सरळ जाते. चार तास अकरा मिनिटं.'
निळ्या रेघेला वाघीण ठाऊक नाही.
सालेघाटच्या नाल्यावर पूल आहे, एवढं ठाऊक आहे.
तो किती हात पाण्याखाली, ते नाही.

दुसरा दिवस, जंगल.
वनरक्षक भोयर म्हणाला, 'काका, पिल्लं हायेत तिले. डांबरी धरा.'
डांबरीने सात किलोमीटर जास्त.
मी सात लिहिले
वाघिणीच्या नावे.

तिसरा मुक्काम
आणि पेन्सिल थांबते.

सालेघाटला सायत्राबाई दोनाडकरच्या ओसरीत
आम्ही वीस वर्षं झोपलो.
लाखोरीची डाळ, जवसाची चटणी.
ती कधी नावं विचारायची नाही, पाय मोजायची :
'बारा? मंग दोन बादल्या ऊन पानी.'

सालेघाट आता धरणाच्या पोटात.
त्याचा शेवटचा जोड मीच काढला.
खांबावर चढलो, तारा सोडल्या, खाली उतरलो,
तर ती तांब्या घेऊन उभी.
'पंखा कवा बंद होईल?'
'झाला,' म्हणालो.
हे मी अजून कुठल्याच बिलामागे लिहिलेलं नाही.

नवं सालेघाट अकरा किलोमीटर आडवळणाला,
उघड्या माळावर. प्लॉट नंबर एकशे चौदा.
तिकडे गेलं की मार्कंडा जवळ येत नाही, लांब जातो.
दुर्योधन म्हणाला, 'कायले जातेस गा तिकडं?
आश्रमशाळेत गाद्या भेटतेत.'
खरं आहे, भेटतात.

मी फोन लावला. पलीकडून आधी कोंबडी बोलली,
मग ती :
'किती पाय?'
मी मोजले. दुर्योधनाचा अंगठा मागच्या साली कापला,
तरी पाय तो पायच.
'चौदा.'
'आंगन लहान हाय. पाठीले पाठ लावून झोपा लागल. या.'

जायचे अकरा, यायचे अकरा.
अख्खा एक दिवस वाढला.
म्हणजे नऊ दिवस आधी निघायचं,
म्हणजे फुलवंताचा हरभरा आधी काढायचा.
रेखन हात लावेल.
बोलणार नाही, पण लावेल.

'देवालेच जायचं, तं इतकं वाकडं काहून?' अंशुल.
मी त्याच्याच मोबाइलवर बोट ठेवलं :
ही बघ नदी. सारा जन्म दक्षिणेला चाललेली,
मार्कंड्यापाशी आल्यावर उलटी फिरते,
थोडं उत्तरेला जाते
आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागते.
तिला कोणी विचारलं नाही.

तो बोटांनी नकाशा मोठा करत राहिला.

मी दुसरं बिल उलटलं. चौथा मुक्काम.
तिथे ओळखीची ओसरी नाही,
एक सबस्टेशन आहे, कुंपणाबाहेर सिमेंटचा ओटा.
रात्रभर गुणगुणतं.
झोप लागते.
मला तरी.