लहान खुर्च्या

टायरोनमधल्या आमच्या गावात
निवडणुकीच्या दिवशी मोठी माणसं
शाळेतल्या लहान खुर्च्यांवर बसायची.
गुडघे हनुवटीशी, मांडीवर मतदारयादी, कानामागे पेन्सिल.
बाहेर बंदुका घेतलेले शिपाई,
आत भिंतीवर पहिलीच्या पोरांनी रंगवलेल्या मेंढ्या,
त्यातली एक निळी.

एकतीस वर्षं माझा बाप दाराच्या डावीकडे बसला
आणि विल्बर्ट स्टिन्सन उजवीकडे.
बापाला सगळं आयर्लंड एक हवं होतं,
विल्बर्टला लंडनशी मारलेली गाठ सुटायला नको होती.
बाप टेकडीवरच्या चर्चमध्ये जायचा,
विल्बर्ट ओढ्याकाठच्या, बिनमूर्तीच्या.
विळ्या-भोपळ्याचं सख्य, असं गाव म्हणायचं,
आणि विळा कोण, भोपळा कोण
ह्यावरही गावात दोन तट.

काम एकच : खोटं मत पडू द्यायचं नाही.
म्हणजे त्याच्या माणसांवर ह्याचा डोळा,
ह्याच्या माणसांवर त्याचा.
एवढी वर्षं टक लावून पाहिलं
की नको ते पण दिसायला लागतं :
विल्बर्टचा थरथरणारा डावा हात,
आई गेल्यावर बापाच्या डब्यातला नुसता पाव.

"तुझं म्हणणं साफ चूक आहे," बाप म्हणायचा.
"तुझंही," थर्मासचं झाकण फिरवत विल्बर्ट म्हणायचा,
"साखर किती?"

संध्याकाळी सहाला टेकडीवरची घंटा व्हायची.
बाप डोळे मिटून पुटपुटायचा.
विल्बर्ट त्या घंटेला मानत नव्हता,
पण तेवढा वेळ पेन्सिल खाली ठेवायचा,
यादीत एक खूण करायचा नाही.
त्याच्याच पक्षाच्या एका पोरानं विचारलं, का?
तर म्हणाला,
"त्याचे डोळे मिटलेत. न बघणाऱ्यासमोर मोजू नये."

मार्चमध्ये बाप गेला.
विल्बर्टच्या मंडळाचा नियम,
आमच्या प्रार्थनेला आत पाऊल टाकायचं नाही.
तो फाटकाशी उभा राहिला, टोपी काढून,
बर्फाळ पावसात, पाऊण तास.
मला राग आला. अजून थोडा आहे.
उंबरा तो केवढा, चार बोटं.
पण फाटकाबाहेर पेटी आली
तेव्हा पहिला खांदा त्याचा होता.
त्या डाव्या हातानं पेटीची कड धरलेली,
आणि पेटी हलत नव्हती.

मे महिन्यात बापाच्या खुर्चीवर मी बसले.
दुपारी तीनला एक पोरगा आला,
आमच्याच बाजूचा, पलीकडच्या खेड्यातला.
दवाखान्याचं कार्ड टेबलावर ठेवून म्हणाला,
"ओइन डेव्हलिन."

टेबलामागच्या बाईंनी यादीवर बोट फिरवलं.
नाव होतं. मेलेल्यांची नावं यादीतून उशिरा निघतात.
विल्बर्टनं फक्त तोंड उघडायचं होतं,
त्याचसाठी त्याला बसवलं होतं.
तो माझ्याकडे बघत राहिला.
कार्डाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता,
आमच्या स्वयंपाकघरातला.
म्हणजे कुणीतरी घरातूनच...

मला आमचा माणूस निवडून यायला हवा होता.
आजही हवा असतो.

मी उठले. खुर्ची पायाला अडकून पडली.
"हा माणूस मेलाय," मी म्हणाले,
"मी त्याची मुलगी."

नंतर आमच्यातलं कुणी माझ्याशी बोललं नाही,
आणि विल्बर्टच्या बाजूचे फार गोड बोलले,
ते जास्त लागलं.
विल्बर्ट काहीच बोलला नाही.
थर्मास मधल्या जमिनीवर ठेवला, एवढंच.

सहाला घंटा झाली.
मी प्रार्थना सोडून दहा वर्षं झाली होती,
हे त्याला ठाऊक नव्हतं.
त्यानं पेन्सिल खाली ठेवली.
मग मला
डोळे मिटावेच लागले.